कूपर, कार्टर की मेसन: आडनावातून आलेले नाव निवडताना

इंग्रजी बोलणाऱ्या देशांत स्थायिक झालेल्या मराठी घरांत, विशेषतः जोडीदार तिथलाच असेल अशा घरांत, बाळाच्या नावांची यादी करायला बसले की मेसन, कूपर, कार्टर, हंटर, पार्कर, हार्पर ही नावे त्या यादीत आपसूक येतात. ही सगळी मुळात आडनावे आहेत आणि आडनावे होण्यापूर्वी ती माणसांची कामे होती. माझी पत्नी अमेरिकन आहे, तिच्या आईचे माहेरचे आडनाव कूपर आहे आणि मी साताऱ्याचा पोतदार आहे. त्यामुळे मुलाच्या जन्मापूर्वी या प्रकारच्या नावांचा आम्हाला वरवर विचार करून चालणार नव्हते. यादी लहान होत होत कूपर, कार्टर आणि मेसन या तीन नावांवर थांबली. या तिघांतून निवड करताना जे लक्षात आले ते, आणि त्यांतले एक नाव घरात रुळल्यानंतर जे कळले ते, येथे मांडतो. तुमची परिस्थिती आमच्यापेक्षा वेगळी असू शकेल आणि तसे असेल तर निष्कर्षही वेगळा निघू शकेल.

या नावांचे अर्थ कोणत्याही नावांच्या पुस्तकात सापडतात, परंतु ही प्रथा कोठून आली हे माहीत असले तर निवड बरीच सोपी होते. इंग्लंडमध्ये साधारणपणे बाराव्या ते चौदाव्या शतकांच्या दरम्यान आडनावे स्थिरावत गेली. एकाच गावात अनेक जॉन आणि अनेक विल्यम असत, तेव्हा ओळख पटावी म्हणून बापाचे नाव, गावाचे नाव, अंगचे एखादे लक्षण किंवा हातातले काम नावापुढे जोडले जाई. १३७७, १३७९ आणि १३८१ साली बसवलेल्या डोईपट्टीच्या याद्यांत अशी कितीतरी माणसे नोंदलेली आहेत; त्याच पट्टीविरुद्ध १३८१ मध्ये उठलेल्या शेतकऱ्यांचा म्होरक्या वॉट टायलर याच्या नावातही छपरावर कौले घालण्याचे काम आहे. पुढे मुलाने आणि नातवाने ते काम सोडले तरी आडनाव मागे राहिले. नंतरच्या काळात तिथल्या जमीनदार घराण्यांत आईच्या माहेरचे आडनाव मुलाला नाव म्हणून देण्याची चाल पडली, कारण ज्या घराण्याकडून मालमत्ता किंवा लौकिक आला त्याचे नाव पुसले जाऊ नये अशी इच्छा असे. १७८९ साली बाउंटी जहाजावरील बंडाचा पुढारी असलेला फ्लेचर ख्रिश्चन आणि १८१२ मध्ये गोळी घालून मारला गेलेला ब्रिटिश पंतप्रधान स्पेन्सर पर्सिव्हल ही आडनावाचे पहिले नाव झाल्याची परिचित उदाहरणे आहेत. एका नावात बाण तयार करणारा आहे, तर दुसऱ्यात कोठीघराचा कारभारी. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत ही चाल विशेष रुजली. माझ्या सासूबाईंचे घर व्हर्जिनियातले आहे आणि त्यांच्या मुलाचे, म्हणजे माझ्या मेहुण्याचे, नाव याच रीतीने कूपर ठेवलेले आहे.

घराण्याशी काहीही संबंध नसताना केवळ आवडले म्हणून असे नाव ठेवणे हा मात्र अलीकडचा प्रकार आहे. १९९०च्या दशकात टायलर हे नाव अमेरिकेतील मुलांच्या पहिल्या दहा नावांत होते, आणि २०११ मध्ये मेसन थेट दुसऱ्या क्रमांकावर पोहोचले. यातही एक निवड आपोआप झालेली दिसते. स्मिथ हे ब्रिटन आणि अमेरिका या दोन्ही देशांतले सर्वांत जास्त आढळणारे आडनाव, पण स्मिथ नावाचा मुलगा क्वचितच भेटतो. बेकर आणि मिलर यांचेही तसेच. ज्या शब्दातले काम कानाला अजून स्पष्ट ऐकू येते, किंवा जे आडनाव म्हणून फारच सर्वत्र आहे, ते नाव म्हणून सहसा घेतले जात नाही. ज्यातले काम धूसर झाले आहे आणि ज्याचा नुसता एक कणखर, कष्टाळू भाव शिल्लक राहिला आहे, ते घेतले जाते. संत, राजे आणि बायबलमधील पुरुष यांच्या नावांना कंटाळलेल्या आईबापांना हाताने काम करणाऱ्या माणसाचे नाव मनापासून जवळचे वाटते, असे मला तिथल्या अनेकांशी बोलताना जाणवले, आणि त्या भावनेत खोटेपणा नाही.

आपल्याकडे मात्र ही भावना इतक्या सहजपणे येऊ शकत नाही आणि निर्णय घेणाऱ्या मराठी माणसाने येथे थोडे थांबावे, असे मला कळकळीने वाटते. आपल्या संतांच्या नावांत काम आहे आणि ते मोठ्या सन्मानाने आहे: गोरा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार, सेना न्हावी. पण ते नावामागून येते आणि ते निवडलेले नसते, जन्माने मिळालेले असते. सुतार, लोहार, परीट, गुरव ही आडनावे ऐकताच आपल्या कानाला आधी जात ऐकू येते आणि काम नंतर. त्यामुळे मुलाला ‘सुतार’ असे नाव ठेवावे ही कल्पनाच आपल्याला सुचत नाही. इंग्लंडमध्ये कामाचे आडनाव ज्या मोकळेपणाने सुटे झाले आणि पाळण्यात जाऊन बसले, तो मोकळेपणा आपल्याकडे कामांना मिळाला नाही. म्हणूनच ‘टॅनर’ हे नाव पत्नीच्या एका मैत्रिणीने मोठ्या प्रेमाने सुचवले, तेव्हा मी ते नम्रपणे पण ठामपणे बाजूला ठेवले. कातडी कमावणाऱ्या माणसांना आपल्या समाजाने शतकानुशतके गावाबाहेर ठेवले. ते काम माझ्या मुलाच्या नावात केवळ चांगला नाद म्हणून मिरवावे, हे मला जमणारे नव्हते. दुसऱ्या कोणाला यात अभिमान वाटला तर त्याचा मी आदर करीन, पण तो अभिमान ज्यांनी ते भोगले त्यांच्या घरातून यावा.

इतर काही नावे मराठी कानामुळेच लवकर गळली. हंटर म्हणजे आपल्याकडे चाबूक, आणि इतिहास वाचलेल्यांना त्यासोबत १८८२चा हंटर शिक्षण आयोग आठवतो, ज्यापुढे महात्मा फुल्यांनी निवेदन दिले होते. दोन्ही अर्थांनी ते तान्ह्या बाळाला शोभत नाही. सॉयर म्हणजे लाकूड कापणारा, नाव सुरेख आहे, परंतु साताऱ्याच्या घरात बाळाच्या जन्मानंतरचे दहा दिवस ज्याला सोयर म्हणतात त्याच्या इतके जवळ जाणारे नाव बाराव्या दिवशी ठेवायला माझी आई तयार झाली नसती, आणि तिचे म्हणणे मला पटले असते. टेलर म्हटले की पाटी लावलेले दुकान, पार्कर म्हटले की खिशातले पेन. ही नावे वाईट नाहीत. ज्या घरात मराठी फारशी बोलली जाणार नाही तेथे ती खुशाल ठेवावीत.

आता उरलेल्या तिघांकडे वळतो.

कूपर या नावाचा आमच्या घरावर हक्क होता. लाकडाच्या फळ्या तापवून वाकवायच्या, त्या एकमेकींना भिडवून वर लोखंडी कड्या ठोकायच्या आणि थेंबही गळणार नाही असे पिंप तयार करायचे, हे कूपरचे काम. बिअर, खारवलेले मासे, बंदुकीची दारू, जहाजावरचे पिण्याचे पाणी, सारे काही पिंपांतून जाई, म्हणून प्रत्येक बंदरात आणि मोठ्या जहाजावर कूपर असे. आपल्याकडे ही गरज रांजणांनी आणि कातडी बुधल्यांनी भागवली, त्यामुळे या कामाला आपल्या बलुत्यात जागाच नव्हती आणि नावासोबत जातीची कोणतीही आठवण येत नाही. ही कूपरच्या बाजूची मोठी गोष्ट आहे. शिवाय साताऱ्यात हे नाव परके नाही. धनजीशहा कूपर हे साताऱ्याचे पारशी उद्योजक; १९३७ साली प्रांतिक स्वायत्तता आली तेव्हा मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान, म्हणजे आजच्या भाषेत मुख्यमंत्री, काही महिन्यांसाठी तेच झाले होते, आणि त्यांच्या कारखान्यातले नांगर आणि डिझेल इंजिने आमच्या भागातल्या शेतकऱ्यांनी वापरली आहेत. मुंबईकराला कूपर म्हटल्यावर विलेपार्ल्याचे रुग्णालय आठवते. नावाला दोन्ही घरांत काही ना काही मुळे असावीत असे ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी याहून चांगला योग क्वचितच जुळेल, आणि बरेच दिवस मीही मनाने याच नावाच्या बाजूला होतो.

कार्टर म्हणजे गाडीवान. या नावाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ते आमच्याकडे शेवटपर्यंत टिकले असले तरी खरी स्पर्धा त्याच्याशी नव्हती. त्याला महाराष्ट्राचा एक धागा आहे आणि तो मला फार आवडतो: अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर यांच्या आई लिलियन यांनी १९६०च्या दशकात, वयाची सत्तरी जवळ आलेली असताना, पीस कोअर या अमेरिकन सरकारच्या स्वयंसेवक संस्थेच्या स्वयंसेविका म्हणून मुंबईत विक्रोळी येथे परिचारिकेचे काम केले होते. अमेरिकेत हे नाव गेल्या दशकात पहिल्या पन्नासांत होते, म्हणजे ओळखीचेही आहे आणि गर्दीतलेही नाही. पण मराठी घरात त्याची एक अडचण आहे. लहान मुलाला हाक मारताना नाव तोडले जाते, ओढले जाते, शेवटी ‘या’ लावला जातो. कार्टरवर हे संस्कार झाले की जे उरते ते ‘कार्ट्या’. आमच्या परिचयाच्या एका मराठी कुटुंबात हे नाव आहे, मुलगा अतिशय गोड आहे, आणि त्याच्या आजीला नातवाला लाडाने हाक मारताना दर वेळी स्वतःला आवरावे लागते. ज्यांच्या घरी आजी-आजोबांचा वावर असेल त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे.

ज्या एका गोष्टीने आमचा निर्णय झाला ती मात्र कूपरच्या बाबतीत घडली. आमच्या लग्नासाठी माझा मेहुणा साताऱ्याला आला होता. तो मनमोकळा, माणसांत रमणारा. आल्या दिवसापासून त्याने सर्वांना आपले नाव कूपर असल्याचे सांगितले. आणि आल्या दिवसापासून सर्वांनी ते त्याचे आडनाव धरले. उतरण्याची सोय केलेल्या लॉजच्या नोंदवहीत कूपर आडनावाच्या रकान्यात गेला आणि त्याचे खरे आडनाव नावाच्या रकान्यात. परतीच्या गाडीच्या आरक्षणातही तेच झाले, आणि पासपोर्टशी नाव जुळेना म्हणून फेऱ्या झाल्या. हे कागदी त्रास निस्तरता येतात, त्यांचे मला फारसे वाटत नाही. मला लागले ते वेगळेच. आमच्याकडची सगळी वडीलधारी माणसे त्याला ‘कूपरसाहेब’ म्हणू लागली. काका म्हणत, ‘कूपरसाहेबांना चहा विचारा.’ मावशी म्हणत, ‘कूपरसाहेब जेवले का?’ माझ्या पत्नीला मात्र पहिल्याच दिवशी तिच्या नावाने, एकेरीत, ‘ये गं’ म्हणून हाक मारली गेली आणि ती घरची झाली. भाऊ शेवटपर्यंत पाहुणाच राहिला. कारण आपल्या भाषेत आडनावाने हाक मारली जाते ती कचेरीतल्या साहेबाला, मास्तरांना, शेजारच्या बिऱ्हाडातल्या गृहस्थांना: ‘अहो जोशी’, ‘या पाटील’. जवळच्या माणसाला आपण नावाने हाक मारतो. कूपर, कॉन्ट्रॅक्टर, इंजिनिअर, मिस्त्री, वकील ही पारशी आडनावे आपल्या कानावर पिढ्यान्‌पिढ्या आडनावे म्हणूनच पडत आली आहेत, आणि क्रिकेट ऐकणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाने नरी कॉन्ट्रॅक्टर आणि फारूख इंजिनिअर ही नावे घेतलेली आहेत. त्या ओळीत कूपर बसला की तो ‘अरे’ला जागा देत नाही. माझ्या मुलाला त्याच्या स्वतःच्या आजोबांच्या घरी अशी औपचारिक हाक मारली जावी, हे मला सहन झाले नसते.

त्यात आमचे पोतदार हे आडनावही कामाचेच. पोतदार म्हणजे नाणी पारखणारा, खजिन्याचा कारभार पाहणारा. कुलकर्णी, देशपांडे, चिटणीस, फडणीस, सबनीस, मुजुमदार यांच्यासारखेच ते हुद्द्याचे नाव आहे. ‘कूपर पोतदार’ असे लिहिले की कागदावर दोन आडनावे उभी राहतात आणि नाव कुठेच नसते. अमेरिकेतही हा घोटाळा चुकत नाही, उलट तो दुसऱ्या दिशेने येतो: तिथल्या कारकुनाला पोतदार हे नाव की आडनाव हे ठाऊक नसते, कूपर मात्र आडनाव म्हणून ओळखीचे असते, त्यातून पूर्वेकडच्या लोकांत आडनाव आधी लिहितात असे त्याने कुठेतरी ऐकलेले असते, आणि तो शांतपणे दोन्हींची अदलाबदल करतो. दोन्ही देशांची कागदपत्रे, म्हणजे अमेरिकन जन्मदाखला, पासपोर्ट आणि भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला भारताकडून मिळणारे ओसीआय कार्ड, एकमेकांशी अक्षरशः जुळावी लागतात, तेव्हा ही अदलाबदल महागात पडते.

मेसनच्या बाबतीत हे झाले नाही. गवंडी, त्यातही दगड घडवून तो चुन्यात बसवणारा कारागीर, हा मेसन. शब्द इंग्रजीत आला तो नॉर्मन फ्रेंचमधून, कॅथेड्रल आणि किल्ले बांधणाऱ्यांबरोबर. या यादीतल्या बहुतेक नावांतले काम आता नाहीसे झाले आहे, मेसनचे काम मात्र चालू आहे. रस्त्याने जाताना मुलाला बोट दाखवून ‘तुझ्या नावाचे काम ते’ असे सांगता येते. सह्याद्रीतल्या माणसाला तर ते समजावून सांगावेच लागत नाही, कारण आमचे सगळे लहानपण पाथरवटांनी घडवलेल्या पायऱ्यांवरून चढउतार करण्यात गेले. रायगडावर जगदीश्वराच्या देवळाच्या एका पायरीवर बांधकाम करणाऱ्या हिरोजीने स्वतःचे नाव कोरून ठेवले आहे, ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना या नावात काय दिसू शकते हे मी वेगळे सांगायला नको. गवंड्याच्या आणि पाथरवटाच्या कामालाही आपल्याकडे जातीची सावली आहे, हे मी विसरलेलो नाही. पण ‘मेसन’ या शब्दात ती मराठी कानाला ऐकू येत नाही आणि त्या कामाबद्दलचा आदर मात्र सांगता येतो.

उच्चाराचे म्हणाल तर माझ्या मते येथेच पारडे झुकते. कूपर आणि कार्टर यांच्या शेवटी जो ‘अर’ आहे तो भारतीय कानाला कामाचाच शेवट वाटतो: ड्रायव्हर, प्लंबर, कंडक्टर, कूपर. मेसनचा शेवट ‘न’ आहे. किसन, मदन, मोहन, चेतन, रोशन यांच्या रांगेत मेसन कोणाच्याही डोळ्यांत न भरता उभा राहतो. माझ्या आईने फोनवर पहिल्यांदा हे नाव ऐकले तेव्हा तिने ते पुन्हा विचारले नाही, आणि दुसऱ्या वाक्यात ती ‘मेसनला’ असे म्हणत होती. आता ती त्याला ‘मेसू’ म्हणते, काका ‘काय रे मेसन’ म्हणतात, आणि ‘मेसनसाहेब’ अजून कोणाच्याही तोंडून निघालेले नाही. बारशाला माझ्या बहिणीने आत्या म्हणून बाळाच्या कानात नाव सांगितले तेव्हाही ते तिच्या जिभेवर अडखळले नाही. नावरस अक्षर पाहणाऱ्यांच्या सोयीसाठी सांगतो की ‘मे’ हे मघा नक्षत्राच्या चौथ्या चरणाचे अक्षर आहे, ‘कू’ आर्द्रेच्या पहिल्या चरणाचे, आणि ‘का’ मृगाच्या तिसऱ्या चरणाचे. आम्ही अक्षरावरून नाव ठरवले नाही, पण ज्यांना ते पाळायचे आहे त्यांचा प्रश्न येथेच सुटू शकेल.

मेसनमध्ये दोष नाहीत असे नाही. सर्वांत मोठा दोष म्हणजे ते फार झाले. २०११ आणि २०१२ या दोन्ही वर्षी अमेरिकेत ते मुलांच्या नावांत दुसरे होते, त्यानंतर उतरत गेले असले तरी आजही एका वर्गात दोन मेसन असणे नवलाचे नाही. आमच्या मुलाच्या वर्गात दुसरा आहे. वेगळेपणा हवा असेल तर हे नाव घेऊ नये. परंतु हाच दोष आमच्या अडचणीवर उपायही ठरला: इतक्या मुलांचे ते नाव झाले आहे की अमेरिकन कारकून मेसन वाचताच ते पहिले नाव धरतो, आणि पोतदार आपोआप आडनावाच्या रकान्यात जाते. दुसरी गोष्ट इतिहासाची आहे. १७६३ ते १७६७ या काळात चार्ल्स मेसन आणि जेरेमाया डिक्सन यांनी आखलेली पेनसिल्व्हेनिया आणि मेरीलँड यांच्यामधली सीमारेषा पुढे गुलामगिरी असलेल्या आणि नसलेल्या राज्यांमधली रेषा म्हणून ओळखली गेली. व्हर्जिनियाचे जॉर्ज मेसन यांनी १७७६ मध्ये त्या प्रांताच्या हक्कांच्या जाहीरनाम्याचा मसुदा लिहिला आणि नागरिकांच्या हक्कांची सनद नाही म्हणून १७८७ मध्ये अमेरिकेच्या राज्यघटनेवर सही करण्यास नकार दिला, आणि तेच गुलामांचे मालकही होते. मुलगा मोठा होईल तेव्हा त्याला हे दोन्ही सांगावे लागेल, आणि आम्ही ते सांगू. फ्रीमेसन पंथाशी संबंध आहे का असे भारतात एखादे वयस्कर गृहस्थ विचारतात. नाही म्हटले की विषय संपतो.

कूपरचे काय झाले, हेही सांगितले पाहिजे, कारण सासरच्या नावाचा मान राखणे हा अशा घरांत खरा प्रश्न असतो. आम्ही ते मधले नाव केले: मेसन कूपर पोतदार. सासूबाईंना याचा मनापासून आनंद झाला आणि अमेरिकेत या रचनेबद्दल कोणाला काही विशेष वाटत नाही. महाराष्ट्रात मात्र मधले नाव म्हणजे बापाचे नाव असा नियमच असल्यामुळे, दवाखान्यात किंवा बँकेत मुलाचे नाव वाचून मला पुष्कळदा ‘कूपर पोतदार’ समजले जाते आणि वडिलांचे नाव म्हणून तेच लिहिले जाते. भारतात मुलाचे शिक्षण व्हायचे असेल किंवा वारसाहक्काची जमीन त्याच्या नावे करायची असेल, तर मधली जागा बापाच्या नावासाठीच ठेवावी असे मी सुचवीन. सुट्टीपुरते येणाऱ्यांना ही अडचण सोसता येते.

मुलीसाठी याच प्रकारचे नाव शोधणाऱ्यांना हार्पर सर्वांआधी सुचेल, कारण मुलींच्या नावांत ते गेल्या दशकात अमेरिकेतील पहिल्या दहांत गेले होते. वीणेसारखे तारवाद्य वाजवणारी असा त्याचा अर्थ आहे आणि तो कोणत्याही मराठी घरात आवडण्यासारखा आहे. त्यालाही ‘अर’चा शेवट आहे, पण भारतात हार्पर आडनावाची माणसे आपल्या ऐकण्यात नसल्यामुळे आडनावाचा गोंधळ कमी होईल असा माझा अंदाज आहे, अनुभव मात्र नाही.

तिघांपैकी कूपर कोणी घ्यावे, असे विचाराल तर ज्यांचे आडनाव ‘कर’ने संपते त्यांनी जरूर विचार करावा. कूपर गावसकर किंवा कूपर नेर्लेकर असे म्हटले की भारतात तरी आडनाव कोणते याबद्दल शंका राहत नाही, आणि अर्धी अडचण दूर होते. उरलेली अर्धी, म्हणजे हाकेतला परकेपणा, घरची माणसे प्रेमाने भरून काढू शकतील. ज्यांचे आडनाव आमच्यासारखे हुद्द्याचे किंवा कामाचे आहे, ज्यांच्या मुलाला दरवर्षी आजोळी नाहीतर आजोबांकडे काही आठवडे मराठीत राहायचे आहे, आणि ज्यांना वेगळेपणापेक्षा त्याला कोणीही सहज ‘अरे’ म्हणावे याची ओढ अधिक आहे, त्यांनी मेसन निवडावे असे मला वाटते. निर्णयापूर्वी दोन्ही नावे आडनावासह घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाकडून, कागदावर न दाखवता, नुसती ऐकवून म्हणवून घ्यावीत, आणि जे नाव त्यांच्या तोंडून एकेरीत येईल त्याच्याकडे झुकते माप द्यावे.